यंत्राच्या पोटात : एक चाक गरगर, दुसरं गप्प!

मित्रांनो, या वेळी एका पत्रालाच उत्तर देणार आहे. पत्र सातवीतल्या एका वाचकाचं आहे. सुट्टीत तो आई-बाबांबरोबर अमेरिकेत, मिशिगन राज्यात काकांकडे गेला होता. काकांकडे १९६६ सालची फोर्ड मस्टँग आहे. काका तिला रविवारी बाहेर काढतात, चालवतात थोडी आणि पुसतात जास्त. एका रविवारी ही मस्टँग पावसाने भिजलेल्या गवतावर उभी होती. निघताना काकांनी अॅक्सिलरेटर दाबला, तर मागचं उजवं चाक गरगर फिरून चिखल उडवायला लागलं. डावं चाक मात्र मख्खासारखं उभं! गाडी इंचभरही हलेना. शेवटी सगळ्यांनी मिळून ढकलली. बूट, पँट, सगळं चिखलात.

काका म्हणाले, "आता मागचा एक्सलच बदलतो. लिमिटेड स्लिपवाला आणतो." बाबा म्हणाले, "जवळजवळ साठ वर्षं चाललाय, त्याला कशाला हात लावतोस?" आपल्या मित्राचे प्रश्न दोन. इंजिन मागच्या दोन्ही चाकांना जोडलेलं असताना एकच चाक का फिरलं? आणि काका बरोबर की बाबा?

पहिला प्रश्न आधी घेऊ. शाळेत कवायतीत चौघांची रांग उजवीकडे वळते ना, ती आठवा. सगळ्यात आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि सगळ्यात बाहेरच्याला लांब लांब ढांगा टाकाव्या लागतात. गाडी वळते तेव्हा चाकांचं असंच होतं. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. बैलगाडीत ही अडचण नसते, कारण तिथे दोन्ही चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात. पण मोटारीत चाकं इंजिनाने फिरवायची असतात. ती एकाच दांड्याला पक्की बसवली, तर वळताना एक चाक घासत फरफटणार. यावर पॅरिसमधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने १८२७ च्या सुमारास दातेरी चाकांची एक जुळणी शोधली. तीच डिफरन्शियल. मागच्या एक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या पोटात ती असते. वळणावर आतलं चाक ९ फेरे फिरलं आणि बाहेरचं ११, तर मधलं मोठं दातेरी चाक बरोबर १० फेरे फिरतं. म्हणजे दोघांची सरासरी!

मग गडबड कुठे झाली? साधी डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर मात्र सारखाच देते. आता रस्सीखेच आठवा. समोरच्यांनी दोर सैल सोडला, तर तुम्ही कितीही दांडगे असलात तरी ओढणार काय? ओल्या गवतावरच्या चाकाला पकडच नव्हती. ते थोड्याशा जोरातच घसरायला लागलं आणि तेवढाच थोडासा जोर दुसऱ्या चाकाच्या वाट्याला आला. त्यात गाडी कुठून हलणार?

लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमध्ये यावर एक तोड असते. दोन वह्या घ्या, त्यांची पानं एकात एक अडकवत जा आणि मग दोन्ही वह्या ओढा. सुटता सुटत नाहीत! फोर्डच्या ट्रॅक्शन-लॉक प्रकारात अशाच पातळ चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. निम्म्या चाकाच्या दांड्याच्या बाजूच्या, निम्म्या बाहेरच्या पेटीच्या. इंग्रजी एस अक्षरासारखी एक जाड स्प्रिंग त्यांना दाबून धरते. एक चाक घसरायला लागलं की या चकत्या घासतात, त्याला आवरतात आणि पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर जातो. वळणावर मात्र त्या थोड्या सरकू देतात. म्हणून नाव 'लिमिटेड स्लिप', बेताचं घसरणं.

ही कल्पना शर्यतीच्या मैदानातून आली. फर्डिनांड पोर्श यांनी आखलेल्या ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्या इतक्या ताकदवान होत्या की भर वेगातही एक चाक घसरायचं. मग १९३५ साली पोर्श यांनी झेडएफ या जर्मन कंपनीला असं डिफरन्शियल बनवायला सांगितलं. अमेरिकेत ते रोजच्या गाडीत आलं १९५६ साली, पॅकार्ड कंपनीच्या गाड्यांमधून. आपल्याकडच्या ट्रॅक्टरला याचा दांडगा भाऊ असतो, डिफरन्शियल लॉक. चिखलात एक चाक फिरायला लागलं की ड्रायव्हर पायाने एक पेडल दाबतो आणि दोन्ही चाकं एक होतात. गावी गेलात तर दाखवायला सांगा.

आता काकांच्या कामाकडे. असा एक्सल मिळेल कुठे? भंगारात! अमेरिकेत भंगार गाड्यांची मोठमोठी आवारं असतात. तिथे आपले पाने-हातोडे घेऊन जायचं, हवा तो भाग स्वतः खोलायचा आणि पैसे देऊन घरी न्यायचा. जुन्या मस्टँगवाल्यांची नजर तिथे एका भलत्याच गाडीवर असते. ती म्हणजे १९९५ ते २००१ सालची फोर्ड एक्स्प्लोरर, एक धिप्पाड कौटुंबिक गाडी. तिच्या मागच्या एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा व्यास ८.८ इंच. दांडे जाड, ब्रेक डिस्कचे. आणि चाकाचे पाच बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात ते साडेचार इंचांचं, म्हणजे पाच बोल्टच्या मस्टँगइतकंच!

पण त्या बंद गोळ्याच्या पोटात साधी डिफरन्शियल आहे की लिमिटेड स्लिप, हे न उघडता ओळखायचं कसं? इथे खरी गुप्तहेरगिरी आहे. गोळ्याच्या झाकणाच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर '३ ७३' असेल तर साधी डिफरन्शियल, गुणोत्तर ३.७३. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मागचा लांब शाफ्ट ३.७३ फेरे फिरणार. पण '३एल७३' असं मध्ये एल अक्षर असेल, तर लिमिटेड स्लिप! एक्स्प्लोररच्या दाराच्या चौकटीवरच्या कागदावरही कोड असतो. तिथे डी-४ दिसलं तर तेच, ३.७३ आणि लिमिटेड स्लिप.

पट्टी गंजून पडली असेल तर हाताने तपासायचं. दोन्ही मागची चाकं अधांतरी हवीत आणि मधला शाफ्ट कुणीतरी घट्ट धरलेला हवा. एक चाक फिरवून बघा. दुसरं उलट दिशेला फिरलं तर साधी डिफरन्शियल. फिरवताना चांगलाच जोर लागला, तर लिमिटेड स्लिप. पण सावधान! पंचवीस-तीस वर्षांत चकत्या झिजल्या असतील, तर लिमिटेड स्लिपसुद्धा साध्यासारखीच वागते. अशी झिजकी डिफरन्शियल वाईट नव्हे. चकत्यांचा नवा संच मिळतो. फक्त भाव करताना हे माहीत असावं.

एक्सल घरी आणला म्हणजे काम झालं असं समजू नका. एक्स्प्लोररचा एक्सल मस्टँगच्या एक्सलपेक्षा सुमारे दोन इंच रुंद आहे. शिवाय त्याचा गोळा मधोमध नसतो, डावी नळी लांब आणि उजवी आखूड. म्हणून बरेच लोक डावी नळी साधारण तीन इंच कापतात, पुन्हा जोडतात आणि तिथे दुसऱ्या एक्स्प्लोररचा आखूड दांडा बसवतात. हे वेल्डिंग जाणकारानेच करायचं. नळी थोडी जरी वाकडी जोडली, तरी बेअरिंगं खराब होणार. मग पाटे बसवायच्या बैठका नव्याने जोडा, मधला शाफ्ट मापाचा करून घ्या, हँडब्रेकच्या केबल बदला, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल जुळवा. शेवटी तेल. लिमिटेड स्लिपच्या तेलात एक खास द्रव घालावा लागतो. तो विसरलात तर प्रत्येक वळणावर मागून कुरकुर ऐकू येते.

मला विचाराल तर एवढा उपद्व्याप काकांनी करू नये. पाच बोल्टवाल्या व्ही-८ मस्टँगला बहुधा फोर्डचा ८ इंची एक्सल असतो आणि त्याची रचना फार सोयीची आहे. मागे झाकण नसतं, दातेऱ्यांचा अख्खा गाभा पुढच्या बाजूने निघतो. दोन्ही बाजूंचे दांडे थोडे बाहेर ओढायचे, मधला शाफ्ट सोडायचा, दहा नट काढायचे आणि साध्याच्या जागी लिमिटेड स्लिपचा गाभा बसवायचा. जड असतो, दोघं लागतात. पण कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. जुना गाभा तेल लावून, गुंडाळून ठेवून द्यायचा. कधी गाडी मूळ रूपात आणावीशी वाटली तर हाताशी असतो. चाकाला चारच बोल्ट असले, म्हणजे गाडी सहा सिलिंडरची असली, तर तिचा एक्सल लहान आणि नाजूक. तेव्हा मात्र अख्खा एक्सल बदलणंच बरं.

गुणोत्तर निवडताना एक हिशेब करून ठेवा. मूळ गुणोत्तर २.८० असेल आणि नवं ३.५५ आणलं, तर गाडी चपळ होईल, पण स्पीडोमीटर चुकेल. तो मधल्या शाफ्टचे फेरे मोजतो ना! खरा वेग ५० मैल असताना काटा कुठे असेल? काढा बरं. (६३ च्या आसपास आलं तर बरोबर.) त्यासाठी स्पीडोमीटरचं छोटं दातेरी चाकही बदलावं लागतं.

आता एक गोष्ट नीट वाचा, आई-बाबांनीही. लिमिटेड स्लिप असलेल्या गाडीचं एकच मागचं चाक जॅकवर उचलून इंजिन चालू करून गिअर कधीही टाकायचा नाही. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत उचललेलं चाक हवेत फिरत राहतं. (ते करणंही चूकच.) पण इथे जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे जाते. समोर कोण उभं आहे हे तिला दिसत नाही. आणि गाडीखाली जायचं ते दोन्ही बाजूंना भक्कम घोड्या लावूनच, नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही.

ओल्या रस्त्यावर दोन्ही चाकं एकदम घसरली तर गाडीची शेपूट आडवी जाते, हेही काकांना सांग. साध्या एक्सलला ही खोड कमी. बाबा अगदीच चुकीचे नाहीत.

आणि मित्रा, पैसे खर्च करण्याआधी काकांना एक काम करायला सांग. १९६६ च्या मस्टँगच्या ड्रायव्हरच्या दारावर पत्र्याची छोटी पाटी असते. तिच्यावर एक्सलचा रकाना शोधायचा. तिथे अंक असेल तर कारखान्यातून साधी डिफरन्शियल आली होती, अक्षर असेल तर लिमिटेड स्लिप. ६ म्हणजे २.८० साधी, एफ म्हणजे २.८० लिमिटेड स्लिप. साठ वर्षांत कुणी एक्सल बदलला असेल, तर पाटीवर पूर्ण विश्वास नको, गोळ्यावरची पट्टीही बघायची. पण दोन्हीकडे अक्षर निघालं, तर काकांना हवी असलेली वस्तू गाडीतच आहे, फक्त चकत्या झिजल्यात! मग भंगारात जायची गरजच नाही.

पाटीवर काय निघालं ते मला लगेच कळव. मी वाट बघतोय.