फुकट दिलेल्या कोडचे नुकसान किती?

ओपन सोर्स परवान्याची अट मोडली, तर तो करारभंग की कॉपीराइटभंग? हा प्रश्न अमेरिकेत २००८ सालीच निकालात निघाला, असे आपल्यातले बरेच जण धरून चालतात. त्या खटल्याचा पुढचा भाग मात्र सहसा कुणी वाचत नाही.

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन आणि त्यांचे सहकारी मॉडेल रेल्वे चालवणारे सॉफ्टवेअर 'आर्टिस्टिक लायसन्स'खाली खुले करत. मॅथ्यू काट्झर यांच्या कंपनीने त्यातल्या फायली उचलल्या आणि लेखकांची नावे व कॉपीराइटची सूचना गाळून आपल्या उत्पादनात घातल्या. परवाना व्यापक आहे, तेव्हा हा फार तर करारभंग, असे म्हणत जिल्हा न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. फेडरल सर्किटने तो आदेश रद्द केला: श्रेय राखणे ही परवानगीची पूर्वअट आहे, ती मोडणाऱ्याकडे परवानगीच उरत नाही. प्रकरण परत खाली आले आणि २००९ च्या जानेवारीत मनाई हुकूम पुन्हा नाकारला गेला. कारण, प्रत्यक्ष हानीचा पुरावा नव्हता. अखेर २०१० मध्ये १ लाख डॉलरवर तडजोड झाली. तत्त्व जिंकले, तरी पुराव्याची वही कोरी असून चालत नाही.

फ्रान्समध्ये 'आंत्रूव्हेर' विरुद्ध 'ऑरेंज' या जीपीएलच्या खटल्यात खालच्या दोन्ही न्यायालयांनी करारभंगाचीच वाट धरली होती. २०२२ मध्ये सर्वोच्च पातळीवर ती चुकीची ठरली आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने केवळ आर्थिक नुकसानीपोटी ५ लाख युरो दिले.

आपल्याकडे असा दावा करारभंग म्हणून लावला, तर करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसान सिद्ध करावे लागेल. ज्याला किंमतच लावली नव्हती, त्याचे नुकसान मोजायचे कशाने? त्याआधीच प्रतिवादी विचारेल, मोबदला नाही तर करार कुठला? कॉपीराइट कायद्याच्या कलम ५५ खाली मनाई हुकूम मागता येतो, नफ्याचा हिशेबही मागता येतो. कलम ६२ मुळे पुण्याच्या प्रोग्रॅमरला बहुधा पुण्यातच दावा लावता येतो. म्हणून वादपत्रात कॉपीराइट आधी, करार पर्यायी.

खरा सुरुंग आपल्याच कायद्यात आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३० मधली सहीची अट काढली, हे बरेच झाले. एरवी सोर्स कोडसोबतच्या परवान्याच्या फाइलवर सही कुणाची शोधायची? पण कलम ३०अ मुळे हस्तांतरणाचे कलम १९ परवान्यांनाही लागू होते. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षे, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. अपाची २.० मध्ये 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' दोन्ही आहे. एमआयटीत दोन्ही नाही. जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत मुदत नाही; ती २००७ च्या तिसरीत आली.

प्रत्येक नव्या प्रतीसोबत मूळ मालकाकडून नवा परवाना मिळतो, तेव्हा पाच वर्षे दरवेळी नव्याने सुरू होतात, असा युक्तिवाद जीपीएलपुरता करता येईल आणि आमच्या मते तो टिकावा. पण अशिलाचे उत्पादन त्याच्या भरवशावर ठेवू नये. अशील स्वतःचा कोड खुला करणार असेल, तर अपाचीचा विचार आधी करा. बाहेरच्या लेखकांकडून कोड घेत असेल, तर त्यांच्याशी होणाऱ्या करारात मुदत आणि प्रदेश, दोन्ही लिहून घ्या.