ज्योत सांगते मातीचे गुज



माती परीक्षणाचा कागद हाती आला की आपण आधी आकडे पाहतो. नत्र इतके, स्फुरद इतके, पालाश इतके. आकड्यापुढे कमी, मध्यम किंवा जास्त असा शेरा असतो आणि त्यावरून खताची किती पोती आणायची, म्हणजेच किती पैसे मोडायचे, हे ठरते. पण मातीत पालाश किती आहे, हे प्रयोगशाळेला कळते तरी कसे? पालाश डोळ्यांना दिसत नाही, चिमटीत धरता येत नाही. मंडळी, अनेक प्रयोगशाळांत ते कळते ज्योतीच्या रंगावरून. कसे, ते आज पाहू.

घरातल्या मायबहिणींनी ही गोष्ट कितीदा तरी पाहिली असेल. गॅसच्या शेगडीवर वरण उतू गेले की निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते. वरणात मीठ असते आणि मिठात सोडियम असते. तो पिवळा रंग सोडियमचा. चुलीतल्या लाकडाचा जाळ पिवळाच असतो, पण ती बाब निराळी. तिथे काजळीचे बारीक कण तापून लालपिवळे होतात, लोहाराच्या भट्टीत लोखंड व्हावे तसे. म्हणून मिठाची ही करामत पाहायची तर गॅसची निळी ज्योतच बरी.

आता सोडियम पिवळाच प्रकाश का देते? हिरवा का नाही? त्यासाठी अणूच्या आत डोकवायला हवे. अणूच्या मध्यभागी जड केंद्रक असते आणि त्याच्याभोवती अतिशय हलके इलेक्ट्रॉन असतात. सोडियमच्या अणूत ११, पालाशच्या म्हणजे पोटॅशियमच्या अणूत १९. या इलेक्ट्रॉनांना वाटेल तेवढी ऊर्जा घेऊन राहता येत नाही. ऊर्जेच्या ठरावीक पातळ्या असतात, त्यांपैकी एकीवरच राहावे लागते.

पायऱ्यांची जुनी बारव डोळ्यांपुढे आणा. माणूस या पायरीवर उभा राहील नाही तर त्या पायरीवर. दोन पायऱ्यांच्या मध्ये अधांतरी उभे राहता येत नाही. इलेक्ट्रॉनचेही तसेच. फरक एवढाच, की या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात आणि प्रत्येक मूलद्रव्याची बारव निराळी बांधलेली असते. सोडियमच्या पायऱ्या सोडियमच्या, पोटॅशियमच्या पोटॅशियमच्या.

ज्योतीच्या उष्णतेने इलेक्ट्रॉनला धक्का बसला की तो वरच्या पायरीवर चढतो. पण तिथे तो क्षणभरही टिकत नाही, लगेच खाली उतरतो. उतरताना जेवढी ऊर्जा सुटते तेवढी प्रकाश होऊन बाहेर पडते. उडी लहान तर प्रकाश तांबडा, त्याहून मोठी तर पिवळा, मग हिरवा, निळा आणि जांभळा. पायऱ्या ठरलेल्या म्हणून उड्या ठरलेल्या, आणि उड्या ठरलेल्या म्हणून रंगही ठरलेले. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. पोटॅशियमचा मुख्य प्रकाश ७६६ नॅनोमीटरच्या आसपासचा, अगदी गर्द तांबडा. त्याचा थोडा जांभळा प्रकाशही असतो, म्हणून त्याची ज्योत आपल्याला फिकट जांभळी दिसते.

हे रंग ओळखण्याचे शास्त्र जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किर्खहोफ या दोघांनी १८५९-६० मध्ये उभे केले. ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहून त्यांनी १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधली. पण असे का होते, हे त्यांनाही सांगता येत नव्हते. पायऱ्यांची कल्पना डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी मांडली ती १९१३ साली.

या शास्त्राचा आपल्या मुलखाशीही संबंध आला. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आणि जमखंडीला इंग्रज अधिकारी हर्शेल यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश तपासला. त्यात एक पिवळी रेघ होती. आधी वाटले ती सोडियमची. नीट मोजल्यावर ती जराशी बाजूला भरली. कोणत्याही ठाऊक मूलद्रव्याशी ती जुळेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अनोळखी द्रव्याला हेलियम म्हटले, आणि पृथ्वीवर ते रॅमसे यांना सापडले १८९५ मध्ये. सूर्यापर्यंत कोणी गेले नाही, पण प्रकाशाने तिथली बातमी आणून दिली.

आता वळू आपल्या मातीकडे. प्रयोगशाळेत थोडी माती तोलून एका द्रावणात घुसळतात. पिकाला घेता येईल असे पालाश त्या द्रावणात उतरते. ते गाळून, फवारणी पंपाच्या नोझलमधून उडावे तसे धुके करून, ज्योतीत सोडतात. इलेक्ट्रॉन पायऱ्या चढतात, उतरतात आणि ज्योत उजळते. पुढे अशी काच बसवलेली असते की फक्त पालाशचाच तांबडा प्रकाश पलीकडे जावा. तो जितका जास्त, तितके पालाश जास्त. नेमके किती, ते ठाऊक प्रमाणाच्या द्रावणाशी ताडून ठरवतात. या यंत्राला फ्लेम फोटोमीटर म्हणतात. काच बदलली की तेच यंत्र सोडियम मोजते. जमीन चोपण होऊ लागली आहे का आणि जिप्सम टाकावे का, हे ठरवताना तो आकडा उपयोगी पडतो.

जस्त, लोह, मंगल, तांबे यांच्यासाठी उलटी रीत. खाली उतरताना अणू जो प्रकाश देतो, तोच प्रकाश समोरून आला तर तो गिळून अणूतला इलेक्ट्रॉन वर चढतो. म्हणून जस्त मोजायचे तर जस्ताच्याच दिव्याचा प्रकाश ज्योतीतून पाठवतात आणि त्यातला किती गिळला गेला ते पाहतात. ऑस्ट्रेलियाच्या ॲलन वॉल्श यांनी ही पद्धत १९५५ मध्ये जगापुढे ठेवली.

एवढे सांगण्याचे कारण एकच. ज्योत खोटे बोलत नाही, पण पालाश कुठून आले हे तिला ठाऊक नसते. ते रानातले आहे की खताच्या पोत्यातले, तिला सारखेच. एक हेक्टर जमिनीचा वरचा वीतभर थर म्हणजे वीस लाख किलोंहून अधिक माती. तिच्या वतीने साक्ष द्यायला आपण अर्धा किलो पाठवतो. त्या अर्ध्या किलोत पोटॅश खताचा एक दशांश ग्रॅम, म्हणजे चार कण, मिसळले तरी कागदावर हेक्टरी दोनशे किलोंच्या आसपास पालाश जादा दिसेल. गरीब रान श्रीमंत ठरेल, आपण खत तोडू आणि पीक उपाशी राहील.

तेव्हा नमुना घेताना एवढे पाळा. बांध, उकिरडा, गुरे बांधायची जागा, झाडाखालची आणि विहिरीकाठची माती घेऊ नका. खत टाकल्यावर दोन-तीन महिने थांबा. रानात नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्या. सगळी एकत्र करून चार वाटे करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा. माती सावलीत वाळवा. जस्त-लोह तपासायचे असेल तर गंजलेले खुरपे वापरू नका, लाकडी किंवा प्लॅस्टिकचे साधन घ्या. आणि खताच्या रिकाम्या पोत्यावर माती पसरू नका, त्यात भरूही नका. स्वच्छ कापडी पिशवी घ्या.

ज्योतीपुढे माती नीट ठेवणे आपल्या हाती आहे. पुढचे काम इलेक्ट्रॉन चोख करतील.