सरपणाचा भाव आणि त्यातले पाणी

सुरगाणा तालुका नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेवर आहे. साग, ऐन, खैर, धावडा यांची जंगले येथे आहेत आणि पाऊसही भरपूर पडतो. अशा ठिकाणीसुद्धा "सरपण परवडत नाही" अशी तक्रार ऐकू यावी, याचे शहरातल्या वाचकाला नवल वाटेल. पण तक्रार खरी आहे. जवळपासचे वाळके लाकूड संपले की मोळीसाठी लांब चालावे लागते, वाहतूक महागते, आणि गॅस महागला की लोक पुन्हा चुलीकडे वळतात व लाकडाची मागणी वाढते. ही कारणे अर्थशास्त्राच्या शिक्षकांवर सोपवून मी भौतिकशास्त्रातला एकच प्रश्न विचारतो. एक किलो सरपण विकत घेताना आपण नेमके काय विकत घेतो?

उत्तर सोपे वाटते: उष्णता. तराजूला मात्र उष्णता कळत नाही, त्याला वजन कळते. नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. वीस किलोची ओली मोळी घ्या. तिच्यात दहा किलो लाकूड आणि दहा किलो पाणी आहे असे धरू. पूर्ण कोरडे लाकूड जळताना दर किलोला सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता देते, म्हणजे मोळीतून ४५,००० किलोकॅलरी मिळायला हव्यात. पण आधी ते दहा किलो पाणी तापून त्याची वाफ व्हावी लागते. बाष्पनाचा अप्रकट उष्मा तुम्हांला पाठ आहेच: ग्रॅमला ५४० कॅलरी. पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला आणखी ७०. एकूण ६१० कॅलरी दर ग्रॅमला, म्हणजे दहा किलोंसाठी ६,१०० किलोकॅलरी. त्या वाफेबरोबर निघून जातात. उरल्या ३८,९००.

आता हीच मोळी आडोशाला दोन-तीन महिने वाळू द्या. हवेत वाळलेल्या लाकडात साधारण पाचवा हिस्सा पाणी राहते. दहा किलो लाकडाबरोबर अडीच किलो पाणी, मिळून साडेबारा किलो. या मोळीतून मिळणारी उष्णता सुमारे ४३,५००. मोळी साडेसात किलोंनी हलकी झाली आणि तिच्यातून मिळणारी उष्णता वाढली! भाव किलोवर असेल तर मात्र ती वाळवणाऱ्या बाईला साडेसात किलोंचे पैसे कमी मिळतील.

ही पद्धत मला सरळसरळ चुकीची वाटते. विकणारी बाई डोक्यावरून पाणी वाहते, घेणारा पाण्याचे पैसे मोजतो, आणि घरी चूल धुमसते. ओल्या लाकडाची ज्योत थंड राहते, सगळे वायू जळत नाहीत, म्हणून धूर होतो आणि तो स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत व छातीत जातो. शिवाय वाळलेल्या फांदीपेक्षा ओला ओंडका तराजूत अधिक भरतो, तेव्हा कुऱ्हाड कोणत्या झाडाकडे वळेल हे सांगायला नको. सुरगाण्याहून पाच टन ओले लाकूड घेऊन एखादी मालमोटार नव्वद किलोमीटरवरच्या नाशिकला निघाली, तर त्यातले अडीच टन पाणीच असणार. नार-पारचे पश्चिमेकडे जाणारे पाणी पूर्वेकडे वळवण्याच्या योजनेवर किती वर्षे चर्चा चालली आहे! लाकडातले पाणी मात्र डिझेल जाळून मुकाट्याने पूर्वेकडे जाते.

"भारी" लाकडाबद्दलही एक गैरसमज आहे. खैर, धावडा, बाभूळ यांचा भाव सावर-पांगाऱ्यापेक्षा चढा असतो. मोळीवर किंवा ढिगावर सौदा असेल तर ते योग्यच आहे, कारण धावड्याचा एक घनफूट सावरीच्या घनफुटापेक्षा दुपटीहून जड भरतो. पण किलोवर सौदा असेल तर? सगळे लाकूड मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन यांचेच बनलेले असल्यामुळे सारख्याच कोरड्या एक किलो धावड्यातून आणि एक किलो सावरीतून जवळजवळ सारखीच उष्णता मिळते. धावड्याचा निखारा टिकतो, सारखे चुलीपाशी बसावे लागत नाही. त्या सोयीसाठी चार पैसे जास्त द्यावेत. दुप्पट देऊ नयेत.

गॅसशी तुलनाही करून पाहू. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५६,००० किलोकॅलरी असतात. शेगडीची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर भांड्याला एक लाखभर मिळतात. तीन दगडांच्या चुलीतून १२ टक्केच उष्णता भांड्यापर्यंत पोचते असे धरू. मग एका सिलिंडरचे काम करायला सुमारे २४० किलो वाळलेले लाकूड लागेल, आणि ओले असेल तर सव्वाचारशे किलोंच्या वर. समजा सिलिंडर ९०० रुपयांना पडला. मग वाळलेले सरपण किलोला पावणेचार रुपयांहून आणि ओले दोन-सव्वादोन रुपयांहून महाग झाले, की ते गॅसपेक्षा महाग पडले. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून अनेक घरांत गॅस पोचला, तरी सिलिंडर भरून आणताना ९०० रुपये एकदम मोजावे लागतात. सरपण दहा-वीस रुपयांचेही मिळते. म्हणून हिशेबाने महाग असलेली वस्तूच गरिबाला परवडते. २५ टक्के कार्यक्षमतेची सुधारित चूल असेल तर २४० किलोंचे काम ११५ किलोंत होईल. या चुलींचा प्रसार १९८० च्या दशकात सरकारने मोठ्या प्रमाणावर केला होता. तो टिकला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

माझी सूचना अशी की आठवडे बाजारात आणि वखारीत सरपणाचे दोन भाव असावेत, ओल्याचा एक आणि वाळल्याचा एक. वरच्या हिशेबाने वाळल्याचा भाव ओल्याच्या पावणेदोन पटींहून थोडा अधिक हवा. यावर कोणी म्हणेल की मोळी विकणाऱ्या बाईला आजच तेल-मीठ न्यायचे असते, ती दोन महिने कशी थांबणार? आक्षेप रास्त आहे. थांबणे हेही भांडवलच आहे, आणि ते तिच्याजवळ नाही, वखारवाल्याजवळ आहे. म्हणून ग्रामपंचायतीने पत्र्याची एक उघडी, वारा खेळेल अशी पडवी बांधावी. मोळी आली की थोडी उचल द्यावी, बाकीचे पैसे वाळल्यावर. शिक्षकांनी हा विषय ग्रामसभेत काढावा.

तोवर विद्यार्थ्यांनी एक काम करावे. बाजारातल्या मोळीतून एक ढलपी आणा, तिचे वजन करा आणि पडवीत टांगून ठेवा. दर आठवड्याला वजन घेऊन आलेख काढा. वजन घटायचे थांबले की मूळ वजनाशी तुलना करा. एक ढलपी जूनमध्ये टांगा आणि एक जानेवारीत. सुरगाण्याच्या पावसाळ्यात ती वाळते की उलट फुगते, हे मला तुमच्या आलेखावरूनच कळेल.