कोठा हवा, टिनाचा डबा नको



मे महिन्याच्या दुपारी नेर तालुक्यातल्या एखाद्या गावात चक्कर मारा. पारा ४४-४५ वर. नवा विटांचा, टिनाचा कोठा रिकामा आणि बैल बाहेर लिंबाखाली. पैसा घालून बांधलेला कोठा ढोरांनी नापसंत केला!

आपल्या बापजाद्यांचा कोठा दिसायला गबाळा होता. दोन उतरते पाखे, वर गवत नाहीतर कवेलू, बाजूने पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा कूड. कुडाच्या फटींतून वारा आत यायचा आणि ढोरांच्या अंगची गरमी, श्वासाची ओल, मुताचा वास घेऊन आढ्यापाशी वर निघून जायचा. गरम हवा वर चढते. तिला वरून जायला वाट हवी आणि खालून ताजी हवा यायला वाट हवी. शास्त्र एवढेच आहे. चार बंद भिंती, ठेंगणे टिन आणि एक दार असले की दोन्ही वाटा बंद. उन्हाळ्यात तापल्या टिनाची धग ढोराच्या पाठीवर उतरते, पावसाळ्यात मुताचा अमोनिया कोंडतो. डोळे गळतात, ढोर खोकते, आणि ऐन पेरणीत बैल धापा टाकतो.

याचे खापर सरकारवर फोडायला मी तयार नाही (एरवी सोडत नाही!). ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने रोजगार हमीतून २ ते ६ जनावरांसाठी ७७,१८८ रुपयांचा गोठा ठरवला. माप ७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद. हे लांबट, अरुंद माप वाऱ्याच्या सोयीचेच आहे. ढोरे एका रांगेत, रुंदी बारा फुटांच्या आत. आडवा वारा प्रत्येकाच्या अंगावरून जाईल. पण आपणच मिस्त्रीला सांगतो, ‘चारी बाजूंनी वरपर्यंत घेऊन टाक.’ गव्हाण मोजली, मूत्राचे टाके मोजले, वारा कोणी मोजायचा?

चोरीची भीती खोटी नाही. बैलजोडी गेली तर हंगाम गेला. मग भिंत छातीएवढी घ्या आणि वर लोखंडी जाळी लावा.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर ऊन आत कमी येते. पश्चिमेच्या आखूड बाजूला लिंब लावा. ‘भरपूर वारा ठेवा’ हा पुस्तकी सल्ला मात्र आपल्या मे महिन्याला पुरत नाही. ढोराच्या अंगाची उष्णता साडेअडतीस अंशांच्या आसपास. ४५ अंशांची झळ त्याला थंड कशी करणार? भर दुपारी झळेच्या बाजूला तुराटीची ताटी लावा, पाणी असेल तर ओले बारदान टांगा. दिवस कलला की सगळे मोकळे करा. खरा गारवा रात्रीच्या वाऱ्यात आहे.

डबा आधीच बांधून झाला असेल तर दोन्ही लांब भिंतींच्या वरच्या विटा काढा, आढ्यावरचा पत्रा लाकडी ठोकळ्यांवर तीन बोटे उचला, टिनाला बाहेरून चुना मारा. माझ्या कोठ्यात हे दोन दिवसांत झाले. बैल अजूनही दुपारी लिंबाखालीच बसतात, पण रात्री आत खोकत नाहीत.