शोधयंत्राची पहिली ओळ

सौर कृषिपंप घेऊ इच्छिणारा शेतकरी हल्ली प्रथम तालुक्याच्या गावी जात नाही. तो भ्रमणध्वनीवर ‘कुसुम योजना अर्ज’ एवढे तीन शब्द लिहितो आणि जे पान सर्वांत वर येईल ते उघडतो. यात त्याचे काही चुकते असे नाही. दुकानात दर्शनी मांडलेला माल हा चांगला माल असावा, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु शोधयंत्राच्या मांडणीस हा नियम लागू पडत नाही, आणि नेमका याच समजुतीवर फसवणुकीचा एक धंदा उभा राहिला आहे.

पंतप्रधान कुसुम योजना २०१९ साली सुरू झाली. त्याच वर्षी तिच्या नावाची बनावट नोंदणी-संकेतस्थळे निघाली व केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयास जाहीर इशारा द्यावा लागला. २०२० साली तो पुन्हा द्यावा लागला. मंत्रालय आपल्या कोणत्याही संकेतस्थळावरून लाभार्थ्यांची नोंदणी करीत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. बनावट पानावर शेतकऱ्याचे नाव, आधार क्रमांक व भ्रमणध्वनी क्रमांक घेतला जातो. मागाहून एक गोड बोलणारा ‘अधिकारी’ दूरध्वनी करून नोंदणी शुल्क मागतो. ते भरले की वाहतूक खर्च, त्यानंतर कर, त्यानंतर विमा. पंप मात्र कधीच येत नाही.

शेतकरी लोभापायी फसतो, असे शहरात सहज बोलले जाते. ते बरोबर नाही. महाराष्ट्रात या योजनेखाली पंपाच्या किमतीपैकी सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के व अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा खरोखरच भरावयाचा असतो. पैसे मागितले म्हणजे लबाडी, अशी सोपी कसोटी येथे चालत नाही. मागणी खऱ्यासारखी असते, रक्कमही खऱ्यासारखीच असते. खोटा असतो तो केवळ मागणारा.

अशी पाने वर येतात कशी, हे समजून घेणे अगत्याचे आहे. पहिला मार्ग सरळ पैशाचा. शोधयंत्राच्या पानावरील वरच्या काही जागा जाहिरातीसाठी विकल्या जातात व त्यांजवर ‘स्पॉन्सर्ड’ अथवा ‘प्रायोजित’ असा बारीक शब्द असतो. उन्हात बांधावर उभे राहून पाहणाऱ्याच्या दृष्टीस तो पडेलच असे नाही. दुसरा मार्ग शोधयंत्रास फसविण्याचा. १९९८ साली स्थापन झालेल्या गूगलने एक युक्ती काढली होती: ज्या पानाचा निर्देश इतर पुष्कळ पाने करतात ते पान विश्वसनीय मानावयाचे. लबाडांनी तत्काळ एकमेकांचा निर्देश करणारी शेकडो पोकळ पाने उभी केली. या प्रकारास इंग्रजीत दुव्यांचे ‘फार्म’ म्हणतात, आणि भाराभर निकस मजकूर काढणाऱ्या संकेतस्थळांसही मजकुराचे ‘फार्म’ असेच नाव पडले आहे. शेतीच्या नावाचा याहून वाईट उपयोग क्वचितच झाला असेल!

गूगलने अशा निकस मजकुराविरुद्ध २०११ साली व खोट्या दुव्यांविरुद्ध २०१२ साली आपल्या पद्धतीत मोठे बदल केले. मार्च २०२४ मध्ये यंत्राकडून घाऊक लिहवून घेतलेली पाने, तसेच मुदत संपलेले जुने पत्ते विकत घेऊन त्यांच्या नावलौकिकावर चालविलेली पाने, यांविरुद्धही नियम आले. तरीही तण उगवतच आहे. लसूणघासाच्या बियात अमरवेलीचे बी मिसळलेले असले तर ते पेरणीच्या वेळी ध्यानात येत नाही. वेल पिकावर चढल्यावरच कळते. येथेही तसेच घडते.

पैसा बुडतो तो प्रकार निदान उघड तरी होतो. त्याहून घातक प्रकार चुकीच्या सल्ल्याचा आहे. कीड-रोगांविषयीची घाऊक पाने एकमेकांची नक्कल करून तयार होतात. औषधाची मात्रा, पिकाचे नाव, काढणीपूर्वीचा काळ यांची त्यात सरमिसळ असते. एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली थांबविला. परंतु जुन्या मजकुरावरून नवा मजकूर बनविणाऱ्यास त्याची दाद असेलच असे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेस संकेतस्थळे कारणीभूत होती असे म्हणावयाचे नाही. परंतु विषारी औषधाच्या बाबतीत चुकीला काय किंमत पडते, हे त्यावरून कळावे. मात्रा पाहावयाची ती डब्यावरील लेबलावर व विद्यापीठाच्या शिफारशीत.

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळे लेबल असते. संकेतस्थळाच्या बाबतीत तसे लेबल म्हणजे त्याचा पत्ता. ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट शासकीय संस्थांखेरीज कोणास मिळत नाही. मात्र तो शेवटच असला पाहिजे: पहिल्या तिरप्या रेघेच्या अगदी आधी हीच अक्षरे हवीत, आणि ‘जीओव्ही’च्या आधी टिंब हवे, आडवी रेघ नव्हे. हे अक्षरांचे अंतर लहान आहे, पण सगळी लबाडी त्यातच सामावते. पंतप्रधान किसान सन्मान निधीच्या नावाने व्हॉट्सअॅपवर येणारी अॅपची फाइल तर उघडूच नये. वर्षाला ६,००० रुपये देणाऱ्या या योजनेचे अधिकृत अॅप प्ले स्टोअरवर आहे. संदेशातून येणारी फाइल भ्रमणध्वनीतील गुप्त संकेतांक चोरण्यासाठी असते.

आता शासनाच्या बाजूचाही विचार केला पाहिजे. वरील कसोटी शेतकऱ्यास शिकवावी, तर शासकीय यंत्रणांनी स्वतः ती पाळलेली नाही. महाऊर्जेने कुसुम योजनेची नोंदणी ‘डॉट कॉम’ने संपणाऱ्या पत्त्यावर करून घेतली, आणि महावितरणचे संकेतस्थळ नुसत्या ‘डॉट इन’ने संपते. दोन्ही खरी आहेत. परंतु खऱ्याचा पत्ता खोट्यासारखा असल्यावर शेतकऱ्याने ओळखावे कसे? योजनेची माहिती पुष्कळदा छायाचित्राप्रमाणे उतरविलेल्या शासन निर्णयात दडलेली असते. ती सोप्या मराठीत कोठे लिहिलेली नसली म्हणजे ती जागा बनावट पान भरून काढते. त्या पानाची भाषा, खेदाने म्हणावे लागते, बहुधा अधिक सुबोध असते. जेथे शेतकऱ्याकडून अर्ज वा पैसा घ्यावयाचा तेथे शासकीय शेवटाचाच पत्ता असावा, आणि तो पत्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगाने लिहावा. यास मोठा खर्च नाही. शासकीय सेवांच्या जाहिरातींवर गूगलच्या स्वतःच्या नियमांतच बंधन आहे. ते मराठी शब्दांच्या बाबतीतही कसोशीने पाळले जाते किंवा नाही, हे पाहण्याचा आग्रह शासनाने धरावयास हवा.

तोपर्यंत शंका आल्यास किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत चालू असतो. ग्राहक-सेवेचा क्रमांक शोधयंत्रातून घेऊ नये. बँकेचा तो पासबुकावर अथवा कार्डाच्या मागे छापलेला असतो. पैसे गेलेच, तर लाजेखातर दोन दिवस गप्प बसण्यात मोठी हानी आहे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फार वेगाने फिरते व ती अडविता येते ती पहिल्या काही तासांतच. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, पाठोपाठ बँकेस सांगावे, आणि व्यवहाराचा क्रमांक, आलेले संदेश व त्या पानाचे पत्त्यासहित छायाचित्र जपून ठेवावे. कारण अशी पाने फार दिवस जागेवर राहत नाहीत.