लिलावात घर घेताय? आधी आत कोण राहते ते पाहा



दिवाळीनंतर एक बांधव पत्नीसह आमच्याकडे आले. नोकरी संपली, फंडाचे पैसे हाती आले आणि त्यांनी बँकेच्या लिलावात दोन खोल्यांचे घर घेतले. बाजारभावापेक्षा स्वस्त मिळाले म्हणून पेढेही वाटले. घर बघायला गेले तर दार एका बाईने उघडले. नवरा वारलेला, दोन मुले, थोरल्याची दहावी. जुन्या मालकाची ती भाडेकरू. तिची अनामत घेऊन मालक केव्हाच पसार झालेला.

बांधवांना कोणी तरी सल्ला दिला होता, "पाणी तोडा, लाईट कापा, चार पोरे नेऊन सामान बाहेर काढा." ते विचारायला आले होते, करावे काय?

आम्ही त्यांना बडोद्याची आठवण दिली. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना पारशी पथिकाश्रमातून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. शहरात कोणी आसरा देईना. ज्यांच्या बापाला असे काढले गेले, त्या लेकरांनी दुसऱ्याच्या दारात काठी घेऊन उभे राहायचे काय? बांधव गप्प झाले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आम्हीपण भाड्याच्याच खोलीत म्हातारे झालो."

आता कायद्याचे बोलू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मालकाला भाडेकरूचे पाणी वा वीज तोडता येत नाही. बँका कर्ज वसूल करतात तो कायदा २००२ चा. पण भाडे कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला केवळ त्या कायद्याच्या जोरावर काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले. उलट, बँकेची नोटीस आल्यावर तिच्या संमतीशिवाय मालकाने घुसवलेल्या भाडेकरूला तसा आधार नसतो. म्हणून करार कधीचा, नोंदवलेला आहे की नाही, पावत्या आहेत काय, हे आधी वकिलाला दाखवावे. स्वतःला राहायला घराची खरी गरज असेल तर त्या कारणाने कोर्टात दावा लावता येतो.

पण खरी चौकशी बोलीच्या आधीच करावी. जाहिरातीत "जसे आहे, जेथे आहे" असे छापलेले असते. म्हणजे आतला माणूस घेणाऱ्याच्या गळ्यात. बँकेकडे ताबा कागदावरचा आहे की प्रत्यक्ष, हे लेखी विचारावे. स्वतः जाऊन दार वाजवावे, शेजाऱ्यांशी बोलावे. बोली लागली की २५ टक्के रक्कम लगेच भरावी लागते, आणि बाकीची मुदतीत भरली नाही तर भरलेली जप्त होते. मग पश्चात्ताप करून उपयोग नाही.

आमच्या बांधवांनी त्या बाईंशी बसून बोलणी केली. परीक्षा होईपर्यंत राहावे, भाडे नव्या मालकाला पावती घेऊन द्यावे, एप्रिलअखेर घर सोडावे, असे ठरवून कागद केला. बुडालेल्या अनामतीचा विचार करून बांधवांनी शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे सोडले. त्यांना ते जड गेले, हे आम्ही लपवत नाही. पण कोर्टाच्या फेऱ्या वाचल्या आणि मुलाचे वर्षही.

आपल्यापैकी जे भाडेकरू आहेत त्यांनीही सावध असावे. करार नोंदवून घ्या, पावत्या जपा, दारावर बँकेची नोटीस लागली तर फाडून टाकू नका. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या लोकांना मोफत वकील मिळतो. १९९० पासून त्यात बौद्धही येतात. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

बुद्ध पौर्णिमेला त्या नव्या घरात त्रिशरण-पंचशील झाले. खीर घ्यायला ती बाई दोन्ही मुलांना घेऊन आली होती.

जयभीम!