सांखळी तोडण्यापूर्वीं

गेल्या वैशाखांत आमच्या कोंकणांतील घरच्या विहिरीवर एक प्रसंग घडला. तो सांगितल्यावांचून ह्या महिन्याच्या विषयास हात घालतां येणार नाहीं. विहिरींतला पंप जुना झाला होता. तो एका लोखंडी चौकटीवर बसविलेला, आणि ती चौकट काठावरच्या गर्डरला जाड सांखळीनें टांगलेली. सांखळीच्या वरच्या टोकाची शॅकल, म्हणजे नालेच्या आकाराची व आडव्या खिळ्यानें बंद होणारी कडी, पंधरा पावसाळे सोसून अशी गंजली होती कीं, तेल सोडून, पाना लावून, हातोडीनें ठोकूनहि खिळा तसूभर हलेना. ग्राइंडर लावावा तर ठिणग्या उडणार, आणि विहिरीला लागूनच भाताच्या पेंढ्याची उडवी. तेव्हां आमच्या थोरल्या पुतण्यानें तालुक्याच्या गांवाहून विजेवर व तेलाच्या दाबावर चालणारें सांखळी तोडण्याचें यंत्र दोन दिवसांच्या भाड्यानें आणलें.

आम्ही पूजा आटोपून बाहेर आलों तेव्हां यंत्राचा जबडा सांखळीच्या एका कडीला लागला होता व पुतण्याचें बोट खटक्यावर होतें. इतक्यांत आमची धाकटी सूनबाई कळशी घेऊन आली. तिनें सांखळीकडे पाहिलें, ती जेथें जात होती तेथें पाहिलें, आणि विचारलें, "भावोजी, खालीं कोण आहे?"

खालीं आमचा गडी होता. पंप सुटून आला म्हणजे त्याला बाजूस वळवावयास म्हणून तो विहिरीच्या शेवटच्या पायरीवर, बरोबर चौकटीखालीं उभा होता. चौकट, पंप व नळाचा तुकडा मिळून वजन ऐशीं किलोंच्या आंत नव्हतें. पुतण्यानें खटक्यावरचें बोट काढलें. गडी वर आला. थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग पुतण्या म्हणाला, "काका, माझें सगळें लक्ष यंत्राकडे होतें. सांखळीला खालीं कांहीं टांगलेलें आहे, हें ध्यानांतच राहिलें नाहीं."

पुतण्या इंजिनियरिंगची पदविका घेतलेला आहे, निष्काळजी तर मुळींच नाहीं. त्यानें डोळ्यांना चष्मा लावला होता, हातमोजे घातले होते, पुस्तिका वाचली होती. पुस्तिका यंत्राविषयीं सांगते. सांखळीनें काय धरून ठेवलें आहे, हें ती कोठून सांगणार? तें पाहाणें ज्याचें त्याच्याकडे. म्हणून सांखळी तोडण्याच्या कामांत आम्ही पहिला मान यंत्राला न देतां भाराला देतों, आणि यंत्राची माहितीहि त्याच धोरणानें सांगणार आहों.

ह्या यंत्राचें मर्म द्रवाच्या एका गुणांत आहे. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व दिशांस सारखा पोंचतो. हा नियम फ्रान्सांतील पास्काल ह्या पंडितानें सतराव्या शतकांत मांडला. त्यावरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. एक चौरस सेंटिमीटर तोंडाच्या लहान दट्ट्यावर १० किलोंचा भार दिला व तेंच तेल ५० चौरस सेंटिमीटरच्या मोठ्या दट्ट्याखालीं नेलें, तर तेथें ५०० किलोंचा जोर मिळतो. अर्थात् फुकट कांहींच नाहीं: लहान दट्ट्या पन्नास बोटें सरकावा तेव्हां मोठा एक बोट सरकतो. यंत्रांतली मोटर हें लहान दट्ट्याचें काम पंपाकडून भराभर करून घेते, आणि मोठ्या दट्ट्याला जोडलेलें पातें मुंगीच्या चालीनें पुढें येतें. ही मंद चालच पाहाणारास फसविते. अशा हत्यारांत तेलाचा दाब ७०० बारपर्यंत जातो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारें ७०० किलो; २० चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर त्याचे १४ टन होतात. बोट काय आणि लोखंड काय, त्या पात्यास दोहोंत भेद नाहीं.

ह्या नियमावर दाबयंत्र रचून १७९५ सालीं त्याचें पेटंट घेणारा इंग्रज कारागीर जोसेफ ब्रामा हा कुलपें करण्यांत निष्णात होता. त्याचें एक कुलूप लंडनमधील दुकानाच्या खिडकींत मांडलेलें असे, व तें उघडून दाखवील त्यास २०० गिनी देण्याचें जाहीर केलेलें होतें. ब्रामा १८१४ सालीं वारला. कुलूप तसेंच राहिलें. अखेर १८५१ सालीं हॉब्स नांवाच्या अमेरिकन कुलूपवाल्यानें सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून तें उघडलें. न उघडणारें कुलूप देणाऱ्या गृहस्थानेंच सांखळी तोडणाऱ्या यंत्राचा पाया घातला, ही मौज आम्हांस फार वाटते.

आतां विहिरीकडे परत येऊं. गडी वर आल्यावर आम्हीं पुतण्याला यंत्र बाजूस ठेवावयास सांगितलें व आधीं भार उतरविण्याची व्यवस्था केली. काठावर तीन पायांची लोखंडी घोडी उभी करून तिला अर्ध्या टनाची चेनपुली अडकविली, तिचा आंकडा चौकटीला स्वतंत्र पट्ट्यानें बांधला, व चौकट दोन बोटें वर उचलली. जुनी सांखळी सैल पडली. ती हातानें हलवून पाहिली. हलली, तेव्हां भार पुलीवर गेल्याची खात्री झाली. तोडावयाच्या कडीच्या खालचा भागहि एका दोरानें वेगळा बांधून ठेवला, कारण सांखळीचें स्वतःचेंच वजन कांहीं थोडें नसतें. सांखळी आडवी ताणलेली असेल, जसें फाटक ओढून धरलेलें किंवा गाडीवरचें लाकूड आंवळलेलें, तर तुटतांच टोंकें चाबकासारखीं उसळतात. अशा वेळीं ताण काढल्याशिवाय यंत्र जवळसुद्धां नेऊं नये.

कडीला दोन दांडे असतात, हें येथें विशेष ध्यानांत ठेवावें. कांहीं यंत्रांच्या जबड्यांत दोन्ही एकदम बसतात. आमच्या यंत्रांत एका वेळीं एकच नीट बसत होता. पहिला दांडा तुटला कीं अननुभवी माणसास अर्धें काम झालेंसें वाटतें, आणि खरा धोका तेथेंच सुरू होतो. भार असेल तर अर्धी तुटलेली कडी आंकड्यासारखी उघडते व दुसऱ्या दांड्याला पातें लागण्यापूर्वींच सांखळी निसटते. सांखळी सैल असेल तर कडी तशीच राहाते, आणि दुसरा दांडा सावकाश घेतां येतो.

भाराची सोय झाल्यावर आम्ही विजेकडे वळलों, आणि तेथें दुसरा दोष निघाला. दुकानदारानें प्लगची तिसरी, मोठी पीन मोडून टाकलेली होती. कोणाच्या तरी घरीं दोन भोंकांचें सॉकेट असेल, त्यासाठीं केलेली ही सोय! ज्या हत्यारावर एकांत एक असे दोन चौकोन छापलेले असतात, त्याचें अंग दुहेरी विद्युद्रोधक असतें व त्यास भूमीशीं जोडणारी तार लागत नाहीं. आमच्या यंत्रावर ती खूण नव्हती. म्हणजे आंत तारेचें आवरण सुटतें तर यंत्राच्या लोखंडी अंगांत २३० व्होल्टचा प्रवाह उतरता, आणि धरणारा उभा ओल्या काठावर! पुतण्यानें फोन करून दुकानदारास चार शब्द सुनावले. आम्हीं त्याच दिवशीं तारवाल्याकडून नवा त्रिपदी प्लग बसवून घेतला. शिवाय घरांतल्या फळीवर गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या पुढें जातांच वीज तोडणारें आर.सी.सी.बी. आहे, त्याचें चांचणीचें बटण दाबून तें खरोखर पडतें कीं नाहीं हें पाहिलें. बटण वर्षानुवर्षें कोणी दाबीत नाहीं. वाचकांनीं आज घरीं दाबून पाहावें. वाढीव तार चक्रावर गुंडाळलेली असेल तर ती पुरी उलगडावी, नाहींतर गुंडाळींतच तापते. तिचा जोड पाण्यापासून दूर, कोरड्या फळीवर ठेवावा.

सांखळी कोणत्या जातीची आहे, हें पाहाणें राहिलें होतें. यंत्राच्या अंगावरील पट्टीवर जी जाडी लिहिलेली असते ती बहुधा साध्या, मऊ पोलादाची. वजन उचलण्यासाठीं केलेल्या मिश्रधातूच्या सांखळ्या मुद्दाम पाणी देऊन कठीण केलेल्या असतात. त्यांच्या कड्यांवर अंतराअंतरानें ८ किंवा ८० असा ठसा असतो. तसा ठसा दिसला तर, जाडी बसत असली तरी, त्या जातीसाठीं यंत्र असल्याचें लिहिलेलें असल्याखेरीज तिला हात लावूं नये. पात्याचा टवका उडतो, आणि उडालेला टवका कोणाचें नांव विचारून जात नाहीं. मोठ्या कुलपांच्या कड्यांचेंहि असेंच आहे. आमची सांखळी गंज खरडून पाहिली. ठसा नव्हता, जाडी १२ मिलिमीटर भरली, आणि यंत्राची मर्यादा १६ होती.

पात्यांचे स्क्रू आंवळणें किंवा पातीं बदलणें असेल तेव्हां प्लग काढलेला असावा. नुसता खटका सोडलेला पुरत नाहीं. तेलाची पातळी पुस्तिकेंत सांगितलेल्या स्थितींतच पाहावी, आणि तेल तिच्यांत सांगितलेल्या जातीचेंच घालावें. मग दोनचार वेळां रिकामा खटका दाबून पातें नीट जातें-येतें कीं नाहीं हें बघावें.

तेलाविषयीं एक गोष्ट मात्र थांबून सांगतों, कारण ती फार थोड्यांस ठाऊक असते. नळीला किंवा जोडाला सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें तर त्यांतून निघणारी तेलाची धार डोळ्यांस दिसतहि नाहीं, पण ती कातडींतून आंत शिरते. गळती कोठें आहे तें बोटानें चांचपूं नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावें, आणि त्याआधीं यंत्र बंद करून दाब उतरवितां येत असेल तर तेंच उत्तम. अशी इजा प्रथम डांस चावल्यासारखी दिसते, दुखतहि फारसें नाहीं. म्हणून माणूस हळद लावून कामास लागतो. कांहीं तासांनीं हात सुजतो, आंतलें मांस मरूं लागतें, आणि बोट, प्रसंगीं हातहि, गमवावा लागतो. तेव्हां जखम केवढीहि लहान असो, उशीर न करतां शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत जावें व डॉक्टरांस स्पष्ट सांगावें कीं, उच्च दाबाचें तेल आंत गेलें आहे. ही एवढी माहिती न सांगितली तर तेथेंहि साधी मलमपट्टी होण्याचा संभव असतो.

दुपारीं ऊन उतरल्यावर काम पुन्हां मांडलें. ह्या वेळीं विहिरींत कोणी नव्हतें. मुलांना ओसरीवर बसवून त्यांची आज्जी राखणीस बसली. आम्हांस उपरणें घरांत ठेवून येण्याची आज्ञा झाली, ती आम्हीं निमूटपणें पाळली. लोंबतें वस्त्र आणि चालतें यंत्र यांचें वैर जुनें आहे. पुतण्यानें कडी जबड्याच्या अगदीं तळाशीं, पात्याला काटकोनांत बसविली. कडी तिरपी असेल तर पातीं तिला सरळ तोडण्याऐवजीं पिळूं लागतात व सबंध यंत्र हातांत फिरतें. जबड्याची जाळी लावली, तोंड बाजूस केलें, खटका दाबला. सात-आठ सेकंदांत बारीकसा 'टक्' झाला. ठिणगी नाहीं, धूर नाहीं. पातें आपोआप मागें गेलें. तें पुरतें मागें जाईपर्यंत त्यानें कडीला हात लावला नाहीं. मग दुसरा दांडा. मध्येंच पातें अडलें असतें तर खटका दाबून धरावयाचा नाहीं, झडप सोडून पातें मागें घ्यावयाचें, असें ठरलें होतें. त्याची गरज पडली नाहीं.

जुनी सांखळी दोराला लोंबत राहिली, चौकट पुलीवर स्थिर राहिली, आणि पंप हळूहळू वर आला. सायंकाळीं गडी तो अंगणांत धूत असतां सूनबाईनें त्याला सर्वांच्या आधीं चहा नेऊन दिला.

तोडलेली कडी आमच्या मेजावर कागदांवर ठेवण्यास उपयोगी पडते. तिचीं तोंडें आरंभीं रुप्यासारखीं चकचकीत होतीं. आतां पावसाळ्याच्या हवेनें तांबूस झालीं आहेत. नव्या पंपाची सांखळी जस्ताचा मुलामा दिलेली घेतली आहे, व शॅकलच्या आंट्यांना ग्रीस लावून खिळा तारेनें बांधला आहे. दर दिवाळीपूर्वीं भार पुलीवर घेऊन तो खिळा एकदां उघडून पुन्हां बसवावयाचा, हें काम नातवानें आपल्याकडे मागून घेतलें आहे. प्रत्येक वेळीं खालीं कोण आहे तें विचारण्याचें काम मात्र त्याच्या आईनें आपल्याकडेच ठेवलें आहे.